देशाची सुरक्षा आणि दारातला कारभार: शनिवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत 31 वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी बसतो. एमपीएससीची तयारी करणारी पोरं येतात, बँकेतून निवृत्त झालेले दोघं-तिघं येतात, बाजार करून परतताना भाजीच्या पिशव्यांसकट दोन ताई येतात. विषय एकच: राज्य कसं चालतं आणि देश सुरक्षित कशानं राहतो. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच निघतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलंय.

नागपूरला तर कोणत्याच देशाची सीमा नाही. राष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यास आपण कावून करायचा, सर?

वायुसेना नगरला भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दुसरी, भद्रावतीला तिसरी. वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचं भांडार. देशभरातल्या स्फोटकांना आणि पेट्रोलियमच्या साठ्यांना परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वे इथेच एकमेकींना छेदतात. मध्यावर असण्याची ही किंमत आहे आणि मानही.

जवाहरनगरच्या निर्माणीत 24 जानेवारी 2025 ला स्फोट होऊन आठ कामगार गेले. 2016 मध्ये पुलगावच्या भांडाराला लागलेली आग विझवताना अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. हे सगळे सीमेपासून शेकडो कोस दूर होते. साठवणूक, तपासणी, कामगारांचं प्रशिक्षण हा कारभाराचा भाग झाला, आणि तो ढिला पडला की त्याचा घाव थेट संरक्षणावर बसतो. आमच्या वर्गात हे दोन विषय वेगळे शिकवत नाही, त्याचं कारण हेच.

पोलीस राज्याचे, मग गडचिरोलीत केंद्राचं सीआरपीएफ कसं?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय राज्य सूचीत आहेत. पण राज्याच्या मदतीला केंद्राची सशस्त्र दलं पाठवण्याचा विषय संघ सूचीत आहे, आणि बाह्य आक्रमण व अंतर्गत अशांततेपासून प्रत्येक राज्याचं रक्षण करणं हे केंद्राचं कर्तव्य अनुच्छेद 355 मध्ये लिहिलेलं आहे. व्यवहारात राज्य मागणी करतं, केंद्र तुकड्या पाठवतं आणि कारवाई राज्य पोलिसांच्या सोबतीनं चालते. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

गडचिरोलीतला नक्षलवाद बंदुकीनं संपला की विकासानं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. आणि दरवेळी वर्गाचे दोन तट पडतात.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. 1990 मध्ये पोलिसांनी 'सी-60' पथक उभं केलं. त्यात घेतली ती तिथलीच पोरं, जंगलातल्या वाटा ठाऊक असलेली, गोंडी आणि माडिया बोलणारी. बाहेरून आलेल्या शिपायाला गावात कोणी पाणीही विचारायचं नाही, याला मात्र आजीबाई नावानं ओळखायची. पथकाचं बळ त्या ओळखीत होतं. किंमतही त्यांनीच मोजली. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि गाडीचा चालक ठार झाले. ती गाडी खासगी होती. वाहनाची व्यवस्था ही कारकुनी बाब वाटते, पण हा प्रसंग शिकवताना मी त्या गाडीपाशी थांबतोच.

दुसरी बाजूही तितकीच खरी. 1996 चा पेसा कायदा आदिवासी भागांतल्या ग्रामसभेला अधिकार देतो, पण महाराष्ट्राचे पेसा नियम यायला 2014 उजाडलं. अठरा वर्षं. पोर जन्मून मतदानाच्या वयाला आलं. या काळात ज्या गावात सरकारचा चेहरा म्हणजे फक्त वनरक्षकाची दांडगाई होती, तिथे कोणी दुसराच न्याय द्यायला आला तर लोकांनी ऐकून घेतलं. पुढे त्या न्याय देणाऱ्यांनीच गावकऱ्यांना खबरे ठरवून मारलं, हेही गडचिरोलीनं पाहिलं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव वेगळ्या वाटेनं गेलं. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांनी सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. हक्क मिळाल्यावर दोन वर्षं एका पुस्तिकेपायी अडली होती.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. माझं मत असं की बंदुकीनं वेळ मिळवून दिली. त्या वेळेत रस्ता, शाळा, दवाखाना, वनहक्काचा पट्टा आणि ग्रामसभेचा शब्द पोचला तर पोरं परत जंगलात जाणार नाहीत. आणि खाणीसाठी ग्रामसभेला गुंडाळून ठेवलं तर मिळवलेली वेळ वाया जाईल. गडचिरोलीतल्याच सुरजागडच्या लोहखनिजाबद्दल बोलताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

जनसुरक्षा कायदा नेमका काय आहे? बेकायदेशीर कृत्यांविरुद्धचा केंद्राचा यूएपीए कायदा असताना तो कशाला?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच हिवाळी अधिवेशनात मांडलं गेलं. मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांच्या 12 हजारांहून जास्त सूचना आल्या, काही बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये विधिमंडळानं ते मंजूर केलं. सरकारचं म्हणणं, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशात असे कायदे आहेत, आणि शहरातून माओवाद्यांना मिळणारी रसद तोडायला राज्याला स्वतःचं हत्यार हवं. संघटना बेकायदा ठरवली तर ती बाब सल्लागार मंडळापुढे जाते.

आक्षेप आहे तो व्याख्येवर. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही मूळ विधेयकात बेकायदेशीर कृत्य ठरत होतं. आता विचार करा, मिठाचा सत्याग्रह काय होता? सरकारचा हेतू चांगला आहे असं धरलं तरी कायदा हेतूवर चालत नाही, शब्दांवर चालतो, आणि ते शब्द उद्या कोणाच्या हातात असतील हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून सुरक्षेच्या कायद्यात व्याख्या जितकी अरुंद तितकी बरी, या मताचा मी आहे. वर्गातले निवृत्त फौजदारसाहेब हे मत मानत नाहीत. त्यांनी सहकारी गमावलेत. त्यांचं बोलणं मी कधी तोडत नाही.

संचारबंदी लागली की आपले हक्क संपतात का?

मार्च 2025 मध्ये शहरातल्या महाल भागातल्या हिंसाचारानंतर शहरातल्या अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, तेव्हापासून हे फार विचारलं जातं. पूर्वीचं कलम 144 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 झालंय. हा बदल 1 जुलै 2024 पासूनचा. आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत, आणि साधारणपणे तो दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. आदेश रद्द करा किंवा बदला असा अर्ज करता येतो, उच्च न्यायालयातही जाता येतं.

इंटरनेट बंदीलाही नियम आहेत. 2020 मध्ये काश्मीरसंबंधी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, अमर्याद काळ बंदी चालणार नाही. त्यामुळे "वरून सांगितलंय" हे उत्तर पुरेसं नाही. आदेशाची प्रत मागा, शांतपणे मागा. हवालदाराशी हुज्जत घालू नका. तो सकाळपासून उन्हात उभा असतो आणि आदेश त्यानं काढलेला नसतो.

हिवाळी अधिवेशनातल्या मोर्च्यांनी शहर ठप्प होतं. त्यांवर बंदीच का नको?

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात शब्द दिला होता: वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात होईल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असलेल्या या शहरानं 1956 मध्ये राजधानीपण सोडलं, त्याबदल्यातला हा शब्द. अधिवेशन इथे का भरतं? विदर्भातल्या माणसाला सरकार डोळ्यांनी दिसावं, सरकारला माणूस दिसावा, म्हणून. मोर्चा ही त्या अधिवेशनातली अडचण कशी म्हणायची? अधिवेशनाच्या येण्याचं ते एक कारणच आहे.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून आपण रोज जातो. त्याचं नाव वाचता का? आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. 23 नोव्हेंबर 1994. गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा विधानभवनाच्या दिशेनं आला होता. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. संध्याकाळपर्यंत लोक थांबले, निवेदन घ्यायला कोणी मंत्री यावा एवढी अपेक्षा. पुढे रेटारेटी झाली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत 114 माणसं मेली. त्यांत बाया आणि लेकरं जास्त. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी आयोग नेमला गेला. समाजाचा न्यायालयीन लढा चालूच राहिला. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

दरवर्षी 23 नोव्हेंबरला झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी लोक फुलं घेऊन येतात. म्हाताऱ्या बाया पायरीवर डोकं टेकतात. एका वर्षी मी वर्गातल्या पोरांना तिथे नेलं. एक पोरगा, एरवी फार बोलणारा, परत येईपर्यंत गप्प होता. व्हरायटी चौकात आल्यावर म्हणाला, "सर, कोणी बाहेर येऊन कागद घेतला असता तरी झालं असतं ना जी?"

बंदीबद्दल माझं उत्तर त्या प्रश्नात आहे. गर्दी सांभाळायचं शास्त्र आहे: बाहेर पडायचे रस्ते मोकळे ठेवणं, कठडे कुठे लावायचे आणि कुठे नाही, पाणी, ध्वनिक्षेपक, आणि निवेदन घ्यायला ठरलेल्या वेळी येणारा जबाबदार माणूस. हे सगळं करायचं सोडून बंदी घालणं म्हणजे कामचुकारपणा.

'सुरक्षेचं कारण' सांगून माहिती नाकारली तर काय करायचं?

आधी कोणतं कलम लावलं ते पाहा. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 8(1)(अ) खाली देशाची सुरक्षा धोक्यात येईल अशी माहिती नाकारता येते, आणि ते बरोबरच आहे. तुकड्या कुठे आहेत हे कोणी विचारू नये. पण कलम 8(2) सांगतं की लोकहित भारी ठरत असेल तर माहिती देता येते, 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा असला तरीही. कलम 24 खाली वगळलेल्या गुप्तचर संस्थांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारीत पूर्ण सूट नाही.

पोलीस ठाण्याच्या इमारतीवर किती खर्च झाला, ही माहिती गुपित नसते. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा, मजकूर दीडशे शब्दांत बसवा. उत्तराची मुदत 30 दिवस, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. नंतर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. तिथे थांबावं लागतं, मनाची तयारी ठेवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललंय, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या नावानिशी माहिती मागण्यापेक्षा कामाची, खर्चाची, फायलीची माहिती मागा.

साधा दाखला वेळेवर मिळत नाही, याचा देशाच्या सुरक्षेशी काय संबंध?

उमरेडकडच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला हवा होता. एका कार्यालयात तिचा अर्ज तीनदा परत आला. एकदा वडिलांच्या नावात 'श्याम' की 'शाम', एकदा झेरॉक्स पुसट, तिसऱ्यांदा नुसतं 'त्रुटी' असं लिहून, कसली ते नाहीच. प्रवेशाची तारीख निघून गेली. ती मला म्हणाली, "सर, सरकारले माया संग बोलाचंच नाही." तिच्या हातातल्या पोचपावतीवरचा गोल शिक्का घामानं पसरून निळा डाग झाला होता. इतके दिवस तिनं ती मुठीत धरून हेलपाटे घातले होते.

वीस वर्षांच्या पोरीच्या मनात हे वाक्य तयार होतं, तेव्हा राज्य काहीतरी गमावतं. तिनं काही वाकडं केलं नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. पण प्रत्येकाकडे दुसरं वर्ष नसतं. राज्यावरचा विश्वास हाच सुरक्षेचा पहिला साठा आहे असं मी मानतो. खबर देणारा, साक्ष देणारा, अफवा न पसरवता थांबणारा माणूस त्या साठ्यातूनच येतो.

उपाय सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, 2015 खाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे. मुदत टळली किंवा कारण न देता अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. पोच मात्र घ्याच. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

2023 च्या पुराला जबाबदार कोण?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. सैन्य आणि आपत्ती प्रतिसाद दलं उतरली. दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या सहकाऱ्याकडे चिखल काढायला गेलो होतो. कपाटातल्या पुस्तकांची वीट झाली होती. फ्रिज आडवा. भिंतीवर कमरेच्या वर मातकट रेघ, फूटपट्टीनं ओढावी तशी सरळ. वहिनी ती रेघ पुसत नव्हत्या. म्हणाल्या, "पंचनाम्याला येतील ना, त्यांना दाखवायची आहे."

पाऊस कोणाच्या हातात नसतो. पाण्याच्या वाटेत काय बांधायचं, नदीचं पात्र किती ठेवायचं, इशारा कोण देणार, हे हातात असतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. आणि एक गोष्ट लोक विसरतात. महानगरपालिकेच्या 151 नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. अनुच्छेद 243-यू सांगतो की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी. ओबीसी आरक्षणाच्या वादात ती लांबली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहरावर प्रशासक होता. पूर आला त्या पहाटे ज्याच्या दारावर हक्कानं थाप मारावी असा निवडून आलेला माणूस एकाही प्रभागात नव्हता. प्रशासकांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. पण प्रशासक मत मागायला परत येत नाही.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी दोन्ही याच शहरात आहेत. देशाला बचावकार्य शिकवणाऱ्या शहरानं आपली नदी अशी ठेवावी, याचं मला फार वाईट वाटतं.

गरीब देशानं संरक्षणावर इतका पैसा खर्चावा का?

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला 6.81 लाख कोटी रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे 13 टक्के. त्यातले जवळपास 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे, 1.80 लाख कोटी नव्या सामग्रीसारख्या भांडवली खर्चाचे. आरोग्य मंत्रालयाला साधारण 1 लाख कोटी. शेजार पाहता संरक्षणाचा आकडा मला अवाजवी वाटत नाही, आरोग्याचा मात्र तोकडा वाटतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल मराठी पत्रकारितेत कमी वाचले जातात. मोठ्या पोरांनी ते वाचावेत.

धोरण कागदावर चांगलं असतं, मग अडतं कुठे?

गोसेखुर्द पाहा. वैनगंगेवरचा सिंचन प्रकल्प, 1983 मध्ये अंदाज 372 कोटींचा. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. पुढे खर्च 18 हजार कोटींच्या वर गेला. भूसंपादन, वनजमीन, पुनर्वसन, कालव्यांची निकृष्ट कामं, पुन्हा निविदा. ज्यांनी जमीन दिली त्यांची नातवंडं आता आमच्या वर्गात बसतात. विकासातला अनुशेष, म्हणजे कुठला भाग किती मागे राहिला ते, मोजायला 1983 ची दांडेकर समिती झाली, 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, ते 30 एप्रिल 2020 ला मुदत संपून गेलं. मोजणं थांबलं की तक्रार करायलाही आकडा उरत नाही.

'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला तर?

तसा प्रकार कायद्यातच नाही. सीबीआय, ईडी, पोलीस, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा, पहिल्या तासाभरात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेल्या एका मावशींचे आयुष्यभराचे पैसे गेले. घरातल्या म्हाताऱ्यांना आज रात्रीच हे सांगा.

अर्ज किंवा अपील लिहायला वर्गात मदत मिळते का?

मिळते, पैसे लागत नाहीत. शनिवारी सहाच्या आधी या. मूळ कागद, पोच आणि आलेलं उत्तर पाकिटासकट आणा, कारण मुदत मोजताना पाकिटावरची पोस्टाची तारीख कामी येते. अर्ज तुम्हीच लिहायचा, मी शेजारी बसून चुका दाखवीन.